वाढत्या अंगाचा वेटसूट

६ मार्च

समुद्र म्हणे! सायकल नाही, सहल नाही, मोबाइल नाही. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "आता छातीतली नळी निघाली, डायलिसिस सुटलं. पहिली गोष्ट काय करणार?" आणि आमची पोर, माझी टाचणी, म्हणाली, "सर्फिंग."

मला वाटलं बाई हसतील. बाई म्हणाल्या, "कर की! जखम छान भरलीय. पाणी स्वच्छ हवं, थंडी बाधता कामा नये आणि पोटाला मार लागता कामा नये." झालं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

तीन वर्षं त्या नळीपायी पोरीच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं नाही आम्ही. ओल्या फडक्यानं पुसायचं, तेही नळीला सांभाळून. डायलिसिसच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता, आवाज कायम बंद. त्यावर लाटा आणि फळीवर उभी राहणारी माणसं. ती यंत्राला बांधलेली असायची आणि ते बघायची. मी बाजूच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांना काज करायचो. मला वाटायचं, पोरीचा वेळ जातोय. ती ठरवत होती!

८ मार्च

हिचं म्हणणं, जाऊ दे. माझं म्हणणं अजून कुणी विचारलेलं नाही.

११ मार्च

आज हिला म्हटलं, त्या पोटात तुझी किडनी आहे, तुला काहीच वाटत नाही? फळीवर पालथं झोपायचं असतं म्हणे. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, दिलेली वस्तू आहे. मी काय तिला फडताळात ठेवायला दिली?"

माझी किडनी चालली नाही, साखर निघाली. ही देऊन मोकळी झाली. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर अजून तिथून उठलेलो नाही.

१४ मार्च

किनाऱ्यावर जाऊन आलो. शिकवणारी एक तरुण ताई आहे. उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं केसांचा पार काथ्या झालाय, पण बोलणं सरळ. सगळं सांगून टाकलं तिला. किडनी, औषधं, पोटावरचा वण, सगळं. घाबरली नाही. म्हणाली, "काका, बोर्ड माझ्याकडे आहे, माणूस माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त वेटसूट नीट घ्या. इथे खोलातलं गार पाणी वर येतं, बारा महिने थंड. सूट चांगला असेल तर निम्मं काम झालं."

मग वेटसूट म्हणजे काय ते समजावलं. मला वाटत होतं तो रेनकोटासारखा पाणी आत येऊ देत नाही. तसं नाही. पाणी आत येतंच. पण सूट अंगाला चिकटून असेल तर पाण्याचा पापुद्रा तेवढा राहतो आणि तो अंगाच्या उबेनं तापतो. "म्हणून कातडीसारखा बसला पाहिजे. काखेत, पोटाशी, पाठीच्या खळग्यात चिमटीत येता कामा नये." छातीपोटाला जाड रबर, हातापायांना पातळ, म्हणजे हात मारता येतात. बेतणाऱ्यानं विचार केलाय, हे मानलं मी.

टाचणीनं एकच प्रश्न विचारला. "झिप माझी मला लावता येईल असा असतो?" पाठीला झिप आणि झिपेला लांब पट्टी असते, नवशिक्यांना तोच बरा, असं ताई म्हणाली. टाचणी खूश. तीन वर्षं तिच्या अंगाला नर्स हात लावतायत, डॉक्टर लावतायत, आम्ही लावतोय. मला आत्ता लिहिताना ते कळलं.

१५ मार्च

सूट घेतला.

दुकानात मुलांच्या सुटांवर मापं वयानं लिहिलेली. सहा, आठ, दहा, बारा. पोरीचं वय तेरा. दुकानदारानं तिच्याकडे बघितलं आणि न विचारता आठचा काढला! वाईट मनानं नाही. डोळ्यांना दिसलं तो काढला. टाचणी त्या आकड्याकडे बघत राहिली. आत जाऊन घालून आली. पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवायचा, मग पिशवी ओढून घ्यायची, अशी युक्ती आहे. आठचा नेमका बसला, कुठेही चिमटीत न येणारा.

मी म्हटलं, दहाचा द्या.

दुकानदार म्हणाला, "साहेब, ढगळ होईल. पाणी भरेल." मी म्हटलं, पोर आहे, वाढत्या अंगाचा घेतलेला बरा. हीसुद्धा लगेच, "हो हो, वाढत्या अंगाचाच घ्या, वर्षात तोकडा होईल." इतक्या वर्षांच्या संसारात आमचं दोघांचं एका दमात एकमत पहिल्यांदा झालं. दुकानदार पुन्हा बोलायला गेला तर मी त्याला सुनावलं, "कपड्याचं मला शिकवू नका, मी टेलर आहे."

दहाच्या सुटाची पिशवी मात्र टाचणीनंच उचलली.

१६ मार्च

खरं तर आज लिहायचं नव्हतं.

शाळांचे युनिफॉर्म शिवण्यात जन्म गेला. प्रत्येक पोराच्या स्कर्टाला, पँटीला खाली दुमड ठेवतो, चांगली चार बोटं. पुढच्या वर्षी आईबाप येतात, "जरा खाली सोडा हो, उंच झालाय." मी उसवतो आणि खाली सोडतो. माझ्या दुकानातलं सगळ्यात आवडतं काम ते. त्याचा मी चहासुद्धा घेत नाही.

टाचणीच्या युनिफॉर्मची दुमड कधी उसवली नाही. चौथ्या वर्षी कापड विरलं म्हणून नवा शिवला. त्याच मापाचा! त्यालाही दुमड ठेवली. कपाटात तिचा वरचा खण भरलाय. वाढत्या अंगाचा स्वेटर, वाढत्या अंगाचा कोट, लग्नाकार्यासाठी घेतलेला फ्रॉक. सगळे कोरे. तिचं अंग वाढत नाही आणि आमची खरेदी थांबत नाही.

मी तिचं माप घेणं सोडलंय. दोन वर्षांपूर्वी तीच म्हणाली, "बाबा, टेप नको लावूस. तुझा चेहरा बघवत नाही."

डॉक्टरबाई सांगतात, नवी किडनी रुजली, नीट चालली, तर वाढ धरते. काहींची धरते, काहींची नाही. औषधंही आड येतात. आणि या वयात आता फार उशीर करून चालत नाही, हाडं आपलं दार लावून घेतात. म्हणजे आमच्या घरात उंची ही नुसती उंची नाही. ती किडनीची खूण आहे. पोर वाढली तर पोर राहील, असं माझ्या मनानं धरलंय. बाईंनी असं म्हटलेलं नाही. मी धरलंय.

२१ मार्च

सुटाच्या आत पोटाशी पॅड बसवलं. किडनी उजवीकडे, पोटाच्या खालच्या बाजूला, अगदी वरच्यावर असते. पालथं झोपलं की बोर्ड तिथेच लागणार. ताईनं सांगितलं होतं, "आरपार टाका घालू नका काका, भोकातून पाणी येतं." मग आधी रबराच्या गोंदानं चिकटवलं आणि कडेनं तुरपाई केली. सुई निम्म्या जाडीत शिरवून तिथूनच बाहेर काढायची. बाहेरून टाका दिसत नाही. आयुष्यभर साड्यांच्या फॉलला हेच केलं, रबराला पहिल्यांदा. बोटांची चाळण झाली. पण काम सुरेख झालंय. ही म्हणाली, "माझ्या किडनीला गादी घातलीत."

हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी.

२९ मार्च

होऊ नये ते झालं.

टाचणीला सूट घातला. काखेत घोळ, पाठीला घोळ. ताईनं बघताक्षणी विचारलं, "हा कुणी निवडला?" मी म्हटलं, थोडा सैल आहे, चालेल. ती नको म्हणत होती. टाचणीनं माझ्याकडे बघितलं आणि ताईला म्हणाली, "ताई, आज फक्त कमरेएवढ्या पाण्यात." मला वाचवायला म्हणाली! ते तेव्हा नाही कळलं.

पहिल्या लाटेला मानेतून पाणी आत गेलं आणि सुटाची पखाल झाली. पायांत पाणी, पाठीत पाणी, आणि प्रत्येक लाटेला जुनं पाणी जाऊन नवं बर्फासारखं आत. तिला उभंच राहता येईना. ताईनं तिला काखेत धरून ओढत आणलं. ओठ निळे. दात वाजत होते, तरी म्हणत होती, "मज्जा आली बाबा." मी सूट सोलून काढला. घोट्यातून भळाभळा पाणी आलं.

हिनं पोरीला टॉवेलात गुंडाळलं, माझ्याकडे बघितलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च

ताप. सकाळीच दवाखान्यात भरती. अशा पेशंटच्या तापाला साधा ताप म्हणत नाहीत.

३१ मार्च

क्रिएटिनीन वाढलंय. थोडं, पण वाढलंय. म्हणजे किडनी नाराज आहे. बाई म्हणतात, थांबू या, रक्ताचा दुसरा रिपोर्ट येऊ दे.

मी पुन्हा त्याच बाकावर.

१ एप्रिल

ही शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "दुकानात मीपण होते. आठचा घेतला असता तर मला वाटलं असतं, आपण आशा सोडली." मग म्हणाली, "दहाचा आपण तिच्यासाठी नाही घेतला. आपल्यासाठी घेतला."

हेच मला कालपासून म्हणता येत नव्हतं.

३ एप्रिल

उतरलं! ताप उतरला, क्रिएटिनीन जागेवर आलं. किडनी शाबूत. थंडीनं छातीत कफ झाला होता एवढंच. बाई माझ्यावर चिडल्या आणि त्यांचं बरोबर होतं. निघताना भिंतीच्या पट्टीला उभं करून टाचणीची उंची घेतली. गेल्या खेपेची तीच. बाई म्हणाल्या, "पुढची तपासणी जुलैत. वाट बघू."

मला वाटलं आता समुद्राचं नाव निघणार नाही.

५ एप्रिल

निघालं. मीच चिडून म्हटलं, पुरे झालं ते सर्फिंग, अजून मोठी हो, अंगात ताकद येऊ दे, मग बघू.

टाचणी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी मोठी झाले नाही तर?"

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली.

"मला आत्ता पाण्यात जायचंय. मी आत्ता एवढी आहे. मला एवढीच्याच मापाचं काहीतरी हवंय. त्या कपाटात माझं काहीच नाही, सगळं कुणा दुसरीचं आहे."

रागानं नाही म्हणाली. समजावल्यासारखं म्हणाली, जसं मी हट्टी गिऱ्हाइकाला समजावतो तसं. मी उठून दुकानात गेलो आणि शटर अर्धं ओढून मशीनवर डोकं टेकून रडलो. कुणी आलं नाही ते बरं झालं.

१२ एप्रिल

आठचा घेतला. दुकानदार एका शब्दानं टोचून बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

घरी आल्यावर टाचणी म्हणाली, "बाबा, लेबल काप." मानेपाशी आत मोठ्ठा आठ लिहिलेला. उसवणीनं एकेक टाका सोडवून लेबल काढलं, रबराला ओरखडा न जाऊ देता. पॅड दहाच्या सुटातून सोडवून यात बसवलं. दहाचा सूट वरच्या खणात ठेवला, बाकीच्या कुणा दुसरीच्या कपड्यांबरोबर. खण बंद केला. काहीतरी मिटलं आज. नुसता खण नाही.

१९ एप्रिल

कपडा शिवायला किती तास लागतात, तो फाटतो कधी, हे मला माहीत आहे. कपडा अंगावर नीट बसला की माणसाचं काय होतं, हे इतक्या वर्षांत आज बघितलं. पट्टी मागून ओढून तिनं तिची झिप लावली. चालत पाण्यात गेली. तरंगली, पडली, पुन्हा तरंगली. बाहेर आली तेव्हा ओठ गुलाबी होते. मी सुटाच्या मानेत बोट घालून बघितलं. आत ऊब होती.

बाईंना फोन करून सांगितलं. या वेळी मात्र त्या हसल्या.

१० मे

उभी राहिली!! एक श्वासभर. मग धपकन पाण्यात. ही किनाऱ्यावर नाचली, लोक बघत होते.

२४ मे

आज तीन वेळा उभी राहिली. ताई म्हणते, पोरीला घाबरायचं कसं ते ठाऊक नाही. मी म्हटलं, तिच्या वाटचं मी घाबरतो. आमच्या घरात कामं वाटून घेतलीयत.

७ जून

टाचणीचा बूट चावतो म्हणे. वाळू गेली असेल. झटकून दिला.

हिची कुरकूर, आजकाल जेवण पुरत नाही, पोर उठता बसता खा-खा करते. समुद्राचं वारं लागलंय, म्हटलं.

२१ जून

पॅड वर सरकलंय. किडनीच्या जागेपासून चांगलं दोन बोटं वर! गोंद सुटला की काय म्हणून सूट उलटा करून बघितला. गोंद घट्ट, तुरपाई जशीच्या तशी. म्हणजे बेतताना मीच चुकलो. वय झालं बहुतेक. उसवून खाली बसवलं.

५ जुलै, रविवार

आज पाण्यात जाणं झालं नाही.

पावसाळ्यात ताई आडोशाच्या शांत पाण्यात शिकवते. तिथल्या किनाऱ्यावर टाचणी सूट घालत होती. बराच वेळ लागला. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बाबा, ओढ ना, वर जाईना." तिनं मला आजवर कधी ओढायला लावलं नव्हतं. मी ओढली. झिप पाठीच्या मध्यावर येऊन अडली. छातीत, खांद्यांत सूट तटतटलेला. दोन आठवड्यांपूर्वी लागत होती!

सूज! बाईंनी पहिल्या दिवसापासून बजावलंय. किडनी रुसली की अंगात पाणी साठतं, वजन वाढतं, कपडे घट्ट होतात. कपडे घट्ट झाले की लगेच या.

तिथेच वाळूत गुडघ्यावर बसलो. सुटाच्या खाली उघडी नडगी होती, तिच्यावर अंगठा दाबून धरला. सूज असेल तर खड्डा राहतो. खड्डा राहिला की नाही ते मला सांगता येईना, डोळ्यांत पाणी. पुन्हा दाबलं. पुन्हा. टाचणी वरून म्हणाली, "बाबा, दुखतंय."

हिचा हात स्वतःच्या कुशीतल्या वणावर गेला होता.

तडक दवाखान्यात आलो. रक्त घेतलं. सुट्टीचा दिवस, बाई उद्या येतील, तेव्हाच रिपोर्ट. पोर झोपलीय. सुटाचे ओले पाय पिशवीतून बाहेर लोंबतायत. घेतला नसता आठचा, सैलच असता, तर आज कळलंच नसतं. कळलं हे बरं की वाईट?

देवा, मला उंची नको. पोर एवढीच राहू दे. एवढीच, पण राहू दे.

६ जुलै

सूज नाही. किडनी उत्तम.

बाईंनी तिला भिंतीच्या पट्टीला उभं केलं, बघितलं, पुन्हा नीट टाचा टेकवून बघितलं, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही टेलर ना हो?"

मी नडगी दाबत बसलो होतो. ती उघडी का पडली, ते बघितलंच नाही.

घरी आल्यावर टाचणी टेप घेऊन आली आणि पाठ ताठ करून माझ्यापुढे उभी राहिली. मग युनिफॉर्मची दुमड उसवली. आतलं कापड अजून कोरं आहे.